बँकेने नाणी देणे थांबवले म्हणजे ती बुडाली का? अमेरिकेतल्या मुक्त बँकिंगच्या काळाचा हिशेब

प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत बँका ‘पेमेंट सस्पेंड’ करायच्या, म्हणजे आपल्या नोटांबद्दल नाणी देणे थांबवायच्या, आणि काही महिन्यांनी त्यातल्याच कित्येक बँका पुन्हा पैसे देऊ लागायच्या. मग त्यांना बुडालेल्या म्हणायचे की नाही? आणि ज्याच्या खिशात त्या बँकेची नोट होती, त्याचे मधल्या काळात काय व्हायचे?

माझी सगळी नोकरी नागरी सहकारी बँकांत झाली. त्यातला बराच काळ निर्बंध लागलेल्या आणि अवसायनात, म्हणजे कायमची बंद करून देणी-घेणी मिटवण्याच्या प्रक्रियेत, निघालेल्या बँकांचे ताळेबंद तपासण्यात गेला. अमेरिकेच्या या कालखंडाकडे मी वळलो तो त्या कामामुळेच. पैसे थांबवल्यावर ठेवीदाराचे नुकसान कमी होते की वाढते, हा प्रश्न तिथे अनेकदा, वेगवेगळ्या राज्यांत आणि वेगवेगळ्या कायद्यांखाली तपासला गेला आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. पैसे थांबवल्याने बँक बुडत नाही. थांबलेल्या काळात तारणाची विक्री रोखली गेली की नाही आणि ते तारण मुळात खरे होते की नाही, या दोन गोष्टींवर सगळे ठरते.

आधी त्या बँका कशा चालत ते पाहू. १८३७ पूर्वी अमेरिकेत बँक काढायची तर राज्याच्या विधिमंडळाकडून खास त्या बँकेसाठी कायदा, म्हणजे सनद, मंजूर करून घ्यावी लागे. त्यासाठी ओळख, राजकीय वजन आणि पुष्कळदा लाच लागे. १८३७ साली मिशिगनने आणि १८३८ साली न्यूयॉर्कने ही पद्धत बदलली. ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही बँक काढता येईल, असा सर्वसाधारण कायदा झाला. पुढे बऱ्याच राज्यांनी तोच मार्ग धरला. १८३७ पासून १८६३ च्या राष्ट्रीय बँक कायद्यापर्यंतच्या या काळाला मुक्त बँकिंगचा काळ म्हणतात. पण त्या बँका वाटतात तितक्या मोकाट नव्हत्या.

बँक काढणारा राज्य सरकारांचे रोखे विकत घेई आणि ते राज्याच्या अधिकाऱ्याकडे जमा करी. न्यूयॉर्कमध्ये हा अधिकारी सुरुवातीला कंट्रोलर, इलिनॉय आणि इंडियानात ऑडिटर. त्या रोख्यांच्या बदल्यात अधिकारी नक्षीदार छापलेल्या, त्याच्या कचेरीत नोंद झालेल्या नोटा बँकेला देई. बँक त्या नोटा कर्जाऊ देई. रोख्यांचे व्याज बँकेला मिळे आणि कर्जाचे व्याजही मिळे, म्हणजे एकाच भांडवलावर दोन उत्पन्ने. त्या बदल्यात प्रत्येक नोटेवर एक वचन छापलेले असे : मागता क्षणी सोन्या-चांदीची नाणी देऊ.

या वचनाला दात होते. न्यूयॉर्कचा नियम पाहा. एखादा माणूस पाच डॉलरची नोट घेऊन बँकेच्या खिडकीवर आला आणि त्याला नाणी मिळाली नाहीत, तर तो नोटरीला बोलावी. नोटरी नोट स्वतः पुढे करी, नकार ऐके आणि ‘प्रोटेस्ट’ लिहून देई. तो कागद कंट्रोलरकडे गेला की बँकेला नोटीस निघे. दहा दिवसांत पैसे दिले नाहीत तर कंट्रोलर त्या बँकेचे तारण रोखे विक्रीला काढी आणि येईल त्या रकमेतून तिच्या सगळ्या नोटाधारकांना वाटणी करी. एका नोटेचा नकार आणि पूर्ण बँकेचे अवसायन यांत इतकेच अंतर होते. एरवी हा नियम उत्तम होता, कारण लबाड बँकवाल्यावर त्याचा धाक राही. मात्र सगळ्या बँकांवर एकाच आठवड्यात गर्दी झाली की हाच नियम घातक ठरे.

कारण उघड आहे. शंभर बँकांकडे एकाच राज्याचे रोखे तारण असतील आणि शंभरांचे तारण एकाच महिन्यात विक्रीला आले, तर घेणार कोण? मार्केट यार्डात एकाच पहाटे दुप्पट टोमॅटो उतरला की त्या दिवशी चांगल्या मालालाही भाव राहत नाही, तसेच ते. भाव पडतो, तारण अपुरे पडते, मग कालपर्यंत धडधाकट असलेली बँकही कागदावर तोट्यात दिसू लागते आणि तिच्याही खिडकीवर रांग लागते.

नाणी देणे थांबवणे हा यावरचा उपाय होता. सगळ्या बँका मिळून, किंवा विधिमंडळाच्या परवानगीने, सांगत की आजपासून नोटेबद्दल सोने-चांदी मिळणार नाही. बँकेचे दार मात्र उघडेच राही. चेक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळते होत आणि कर्जदारांचे हप्ते येत राहत. कर्जदाराला आपले देणे त्याच बँकेच्या नोटांनी फेडता येई, म्हणून त्या नोटेला गिऱ्हाईक टिकून राही. पन्नास डॉलर बँकेला देणे असलेला व्यापारी बाजारातून तीच नोट थोड्या बट्ट्याने, म्हणजे छापील किमतीपेक्षा कमी देऊन, घेई आणि बँकेत पूर्ण किमतीने भरी. त्यामुळे नोटेचा भाव शून्यावर जात नसे. तो पडे, सोने प्रीमियमवर जाई आणि लांबच्या गावच्या नोटेवर बट्टा जास्त कापला जाई. न्यूयॉर्कमध्ये जॉन थॉम्पसन यांच्यासारखे दलाल कोणती नोट कितीच्या बट्ट्याने चालते याच्या याद्या छापून विकत, आणि दुकानदार गल्ल्याशेजारी ती यादी ठेवूनच नोट घेत.

आता काही प्रत्यक्ष प्रसंग. क्रमाने सगळे सांगत नाही, ज्यांतून उत्तर मिळते तेवढेच सांगतो.

१८३७ च्या मे महिन्यात, १० तारखेला, न्यूयॉर्कच्या बँकांनी नाणी देणे थांबवले. काही दिवसांत बोस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि मग जवळजवळ सारा देश थांबला. कापसाचे भाव कोसळले होते, लंडनमध्ये कर्ज महाग झाले होते, आणि सरकारी जमीन घ्यायची तर नाण्यांतच पैसे भरावेत, असा अध्यक्ष जॅक्सन यांच्या सरकारचा १८३६ च्या जुलैमधला हुकूम होता. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १६ मे रोजी बँकांना एक वर्षाची सवलत दिली. ही मुदत फार महत्त्वाची ठरली. पुन्हा नाणी द्यायची तारीख डोक्यावर असल्याने बँकांनी कर्जे आवरली आणि सोने जमवले. माजी अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन तेव्हा एका न्यूयॉर्क बँकेचे अध्यक्ष होते, आणि लवकर पूर्ववत व्हावे म्हणून ते मागे लागले होते. बँक ऑफ इंग्लंडने दहा लाख पौंडांचे सोने एका न्यूयॉर्क पेढीमार्फत पाठवले. १८३८ च्या १० मे रोजी, मुदत संपायच्या आत, न्यूयॉर्कच्या बँका पुन्हा नाणी देऊ लागल्या.

फिलाडेल्फियात उलटे घडले. तिथल्या बलाढ्य बँकेचे, म्हणजे पेन्सिल्व्हेनियाच्या सनदेवर चाललेल्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सचे, प्रमुख निकोलस बिडल यांचा घाईने नाणी द्यायला विरोध होता. त्या शहराच्या बँका १८३८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या, १८३९ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा थांबल्या, १८४१ च्या १५ जानेवारीला पुन्हा सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांच्या आत, ४ फेब्रुवारीला, पुन्हा थांबल्या. बिडल यांची जुनी बँक त्यातच कायमची संपली. या सनदी बँका होत्या, मुक्त बँकिंगच्या कायद्याखालच्या नव्हत्या. तरी उदाहरण मुद्दाम देतो आहे, कारण थांबण्याने काय साधत नाही ते इथे स्वच्छ दिसते. त्या बँकेचा पैसा कापसाच्या सट्ट्यात आणि व्याज न देणाऱ्या राज्यांच्या रोख्यांत अडकला होता. जे मूल्य आहे त्याला वेळ दिला तर ते परत मिळते. जे मूल्य उरलेलेच नाही, ते कितीही थांबले तरी परत मिळत नाही. आमच्याकडच्या अवसायनाच्या कामातही पहिले कोष्टक आम्ही हेच करायचो : किती कर्ज वसुलीयोग्य आणि किती नाही. बाकी सगळे त्यावरून ठरे.

मिशिगनचा प्रकार तर थांबण्याच्या परवानगीचा उघड गैरवापर होता. मार्च १८३७ मध्ये कायदा झाला. त्यात रोख्यांऐवजी जमिनीची गहाणखते आणि वैयक्तिक हमीपत्रे तारण म्हणून चालत. दोन महिन्यांत देशभर नाणी थांबली आणि जूनमध्ये विधिमंडळाने बँकांना नाणी न देण्याची मुभा दिली. ती मुभा नव्याने निघणाऱ्या बँकांनाही लागू झाली. याचा अर्थ असा की ज्या बँकेने एकदाही नाणे दिलेले नाही, तिला पहिल्या दिवसापासूनच नाणे न देण्याचा परवाना मिळाला. वर्षभरात चाळीसहून अधिक बँका उगवल्या. सिंगापूर नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीतही एक बँक निघाली. ते गाव पुढे वाळूखाली गेले. तपासणीला निघालेले बँक आयुक्त पुढच्या गावी पोचण्याआधी तीच नाण्यांची पिंपे आडवाटेने तिथे पोचत. काही पिंपांत वर थोडी नाणी आणि खाली खिळे व काचेचे तुकडे सापडले. १८३९ पर्यंत यातली जवळजवळ प्रत्येक बँक बंद पडली होती. १८४४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, तेव्हा भागधारकांकडून वसुली करण्याचा आधारही गेला. ‘वाइल्डकॅट’ म्हणजे रानमांजरी बँकांच्या ज्या गोष्टी सगळीकडे ऐकू येतात त्यांचा मोठा भाग याच दोन वर्षांचा आहे. सगळ्या काळावर तो शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते.

न्यूयॉर्क १८५७ हा अगदी वेगळा प्रसंग, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा. २४ ऑगस्टला ओहायो लाइफ इन्शुरन्स अँड ट्रस्ट कंपनीच्या न्यूयॉर्क शाखेने पैसे देणे बंद केले. रेल्वेच्या कागदांत तिचा पैसा अडकला होता. शहरातल्या बँकांनी घाबरून कर्जे मागे घेणे सुरू केले. ऑगस्टमध्ये त्यांची एकूण कर्जे १२ कोटी डॉलरवर होती, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती १० कोटींच्या आत आली. त्यातच १२ सप्टेंबरला कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन येणारे ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज वादळात बुडाले. चारशेहून अधिक माणसे आणि पंधरा लाख डॉलरच्या आसपासचे व्यापारी सोने गेले. सप्टेंबरच्या शेवटी फिलाडेल्फिया थांबले. १३ ऑक्टोबरला वॉल स्ट्रीटवर लोकांची दाटी झाली, दिवसभर ठेवी काढल्या गेल्या आणि रात्री बँकवाल्यांनी एकत्र बसून नाणी थांबवायचे ठरवले.

इथे कायद्याची अडचण होती. १८३७ च्या अनुभवाने पोळलेल्या न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत लिहून ठेवले होते की नाणी थांबवण्याला मान्यता देणारा कुठलाही कायदा विधिमंडळाला करता येणार नाही. म्हणजे या वेळी विधिमंडळ मदतीला येऊ शकत नव्हते. बँकांनी थांबायचे ठरवले ते कायद्याच्या आधाराशिवाय. मात्र न्यायाधीशांनी व्यवहार ओळखला. सगळ्याच बँका एकदम थांबल्या असतील तर एखाद्या बँकेने नाणे दिले नाही एवढ्यावरून ती दिवाळखोर ठरत नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी त्या बँकांवर रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा न्यायालयाचा अधिकारी, नेमायला नकार दिला. माझ्या मते त्या संकटातला निर्णायक क्षण हाच. घटनेतली ती तरतूद चुकीची होती असे मी म्हणत नाही. मुभा मिळणारच हे आधी माहीत असते तर बँकवाले वर्षभर बेफिकीर राहिले असते. मुभा मिळण्याची खात्री नसावी आणि खऱ्या संकटात न्यायालयाने सबुरी दाखवावी, ही जोडी तिथे योगायोगाने जमली.

दुसरी गोष्ट जमली ती क्लिअरिंग हाऊसमुळे. १८५३ पासून न्यूयॉर्कच्या बँका रोज एका जागी जमून आपापसातले चेक मिटवत होत्या. त्यामुळे थांबलेल्या काळातही त्या एकमेकींना ओळखत होत्या, एकमेकींचा कागद घेत होत्या, आणि गावोगावच्या बँकांच्या नोटा तारण धरून आपापसातली देणी भागवत होत्या. एकट्या पडलेल्या बँकेला हे शक्य नसते. नाणी थांबताच कर्जांची आवराआवर मंदावली, व्याजदर उतरले, आणि खिडकीवरून सोने बाहेर जायचे थांबल्याने आलेले सोने तिजोरीत राहू लागले. १२ डिसेंबरला, दोन महिन्यांत, बँका पूर्ववत झाल्या. तेव्हा तिजोऱ्यांतले सोने ऑक्टोबरच्या कितीतरी पट होते. केमिकल बँकेने मात्र त्या दोन महिन्यांतही नाणी दिली आणि ‘ओल्ड बुलियन’ हे नाव कमावले. इंडियानात ह्यू मॅकलॉक यांच्या हाताखालच्या बँकेनेही नाणी देणे सोडले नाही. त्यांचा साठा मजबूत होता. अशा बँकांचे कौतुक आहेच, पण त्यांच्याकडे बोट दाखवून इतरांना अप्रामाणिक म्हणता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो : १८६१ साल, आणि शेजारी शेजारी असलेली इलिनॉय व विस्कॉन्सिन ही दोन राज्ये. दोघांचे मुक्त बँकिंगचे कायदे जवळजवळ सारखे. दोघांकडच्या बँकांनी मोठ्या प्रमाणात दक्षिणेकडच्या राज्यांचे रोखे तारण ठेवले होते, विशेषतः मिझुरी, टेनेसी, व्हर्जिनिया यांचे. कारण साधे होते. त्यांच्यावर व्याज चांगले मिळे आणि ते उत्तरेच्या रोख्यांपेक्षा स्वस्त पडत. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आले, दक्षिणेची राज्ये फुटू लागली आणि या रोख्यांचे भाव घसरले. मिझुरीचे रोखे काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर आले.

हिशेब मांडून पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. एका बँकेच्या ५० हजार डॉलरच्या नोटा बाहेर आहेत. तारण म्हणून ६२,५०० डॉलर दर्शनी किमतीचे मिझुरीचे रोखे आहेत आणि शंभराला ८० भाव आहे, म्हणजे बरोबर ५० हजार. भाव ४० झाला की तारण २५ हजारांचे उरले. ऑडिटर पत्र पाठवतो : आणखी २५ हजारांचे रोखे भरा किंवा तेवढ्या नोटा परत आणा. बँक ते करू शकली नाही तर रोखे विक्रीला. नोटाधारकाला डॉलरमागे ५० सेंट. पण तीच पत्रे त्याच आठवड्यात इतर पन्नास बँकांना गेली असतील तर भाव ४० वर थांबणार नाही. तो ३२ झाला तर नोटाधारकाला ४० सेंट मिळतील, आणि मिझुरीचे रोखे असलेल्या पुढच्या बँकेलाही तसेच पत्र जाईल.

इलिनॉयमध्ये जवळपास हेच झाले. अतिरिक्त तारणाच्या मागण्या निघाल्या, शिकागोच्या व्यापाऱ्यांनी आणि रेल्वे कंपन्यांनी कोणत्या बँकांच्या नोटा घ्यायच्या याच्या याद्या बदलत ठेवल्या, आणि यादीबाहेर पडलेली नोट त्याच दिवशी अडकली. या पडेल नोटांना लोक ‘स्टंपटेल’ म्हणत. राज्यातल्या बहुसंख्य मुक्त बँका वर्षभरात बंद पडल्या.

विस्कॉन्सिनमध्येही भाव तेच पडले, पण तिथे राज्याने आणि बँकवाल्यांच्या संघटनेने थोडा वेळ विकत घेतला. नाणी देण्यातून काही महिन्यांची सूट मिळाली. संघटनेने ठराविक बँकांची यादी करून त्यांच्या नोटा पूर्ण किमतीला घेत राहू असे जाहीर केले. ज्या बँका वाचण्यासारख्या नव्हत्या त्या वगळल्या. राहिलेल्या बँकांनी त्या काळात हळूहळू तारण बदलावे, अशी अपेक्षा होती.

हे सगळे सरळ पार पडले नाही. जून १८६१ मध्ये एका शनिवारच्या सुमारास मिलवॉकीच्या बँकवाल्यांनी यादीतल्या दहा बँकांच्या नोटा अचानक नाकारायला सुरुवात केली. वेळ पाहा : मजुरांच्या हातात आठवड्याची मजुरी नुकतीच पडली होती, आणि ती याच नोटांत होती. सोमवारी, २४ जूनला, मजुरांचा मोर्चा निघाला. त्यात जर्मन कामगार मोठ्या संख्येने होते. मोर्चा अलेक्झांडर मिचेल यांच्या बँकेवर गेला. मिचेल बोलायला पुढे आले, दगड आले, मिचेल मागे हटले. बँकेच्या खिडक्या फुटल्या, शेजारच्या बँकेतले सामान रस्त्यावर ओढून जाळले गेले. यादवी युद्धासाठी जमवलेले सैनिक शहरात आणावे लागले. मजुरांचा राग माझ्या मते अगदी रास्त होता. बँकांनी आधी आश्वासन दिले होते आणि तोटा मात्र त्या माणसावर टाकला, ज्याच्याकडे बट्ट्याची यादी नव्हती आणि नोट बदलायला वेळही नव्हता.

दंगलीनंतर जो तोडगा निघाला तो मला फार हुशार वाटतो. विस्कॉन्सिन राज्याला युद्धखर्चासाठी स्वतःचे रोखे विकायचे होते आणि बाहेर गिऱ्हाईक मिळत नव्हते. बँकांना दक्षिणेच्या पडलेल्या रोख्यांऐवजी चांगले तारण हवे होते. बँकांनी राज्याचे युद्धरोखे घेतले आणि ते तारण म्हणून कंट्रोलरकडे जमा केले. त्यामुळे राज्याला पैसा मिळाला आणि नोटांना खरा आधार मिळाला. गव्हर्नमेंट सिक्युरिटीजचे पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या आजच्या कोणत्याही ट्रेझरी अधिकाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. तारणाची अदलाबदल झाल्याशिवाय बँका पुन्हा उघडल्या असत्या तरी पुढच्या बातमीला पुन्हा थांबल्या असत्या, फिलाडेल्फियासारख्या.

या दोन राज्यांची तुलना अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने केली आहे. सूट मिळालेल्या विस्कॉन्सिनमध्ये बंद पडलेल्या बँकांचे प्रमाण आणि नोटाधारकांचा तोटा, दोन्ही इलिनॉयपेक्षा कमी राहिले. त्यावर आक्षेप घेता येतो. इलिनॉयकडे दक्षिणेच्या रोख्यांचा वाटा जास्त होता, त्यामुळे सगळा फरक सूट दिल्याचा आहे असे नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. विक्री रोखली की भाव तितका पडत नाही, आणि युद्ध पुढे सरकल्यावर संघराज्यातच राहिलेल्या मिझुरीच्या रोख्यांचे भाव सावरलेही. ज्याने १८६१ च्या उन्हाळ्यात ते विकले त्याचा तोटा कायमचा झाला.

एकंदर काळाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मिनियापोलिस फेडरल रिझर्व्हचे आर्थर रोल्निक आणि वॉरन वेबर यांनी १९८० च्या दशकात न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन, इंडियाना आणि मिनेसोटा इथल्या ७०९ मुक्त बँकांचा हिशेब मांडला. जवळपास निम्म्या बँका त्या काळात बंद झाल्या, पण नोटाधारकांना पूर्ण किंमत न देणाऱ्या फक्त १५ टक्क्यांच्या आसपास होत्या. म्हणजे बंद पडलेल्या बहुतेक बँकांनी आपल्या नोटा परत घेतल्या, रोखे सोडवले आणि कारभार गुंडाळला. यात मालकाची एक युक्तीही असे. नोटा बट्ट्याने चालत असतील तर तो स्वतःच्याच नोटा बाजारातून स्वस्तात गोळा करी, त्या ऑडिटरकडे देऊन आपले रोखे परत घेई. ज्याने नोट बट्ट्याने विकली त्याचे थोडे नुकसान झाले, पण कागदोपत्री बँक बुडाली नाही. जुन्या नोंदी वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

मोठा तोटा जिथे झाला तिथे बहुतेक वेळा कायद्याने तारणाची किंमत चुकीची धरली होती. मिनेसोटाने १८५८ च्या कायद्यात रेल्वेसाठी काढलेल्या राज्याच्या रोख्यांना जवळजवळ दर्शनी किमतीने तारण मानले, आणि बाजारात त्यांना त्याचा थोडासाच अंश मिळत होता. अशा कायद्याखाली बँक काढणे म्हणजे स्वस्त कागद देऊन महाग नोटा मिळवणे होते, आणि ते करणारे लोक लगेच मिळाले.

आपल्याकडची आठवण येणे स्वाभाविक आहे, म्हणून दोन शब्द. रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध लावते तेव्हा ठेवीदाराच्या हातात पैसे येणे थांबते, पण कर्जवसुली चालू राहते आणि घाईची विक्री टळते. हेतू तोच आहे. फरक मुदतीचा. इथे निर्बंध वर्षानुवर्षे वाढत गेल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यात औषधाला पैसे नसलेले ज्येष्ठ नागरिक खिडकीसमोर उभे असलेले मी पाहिले आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने पाच लाखांपर्यंतची विमा रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. मिलवॉकीच्या मजुराला हवे होते तेच ते : मोठा हिशेब लागेपर्यंत त्याची मजुरी अडकू नये.

पुन्हा उघडण्याबद्दल एक प्रसंग राहिला. १८६१ च्या ३० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या बँकांनी युद्धकर्जाच्या ओझ्याखाली पुन्हा नाणी थांबवली. या वेळी मागे न्यायालयाची सबुरी किंवा राज्याची मुदत नव्हती, युद्ध होते. दोन महिन्यांत केंद्र सरकारने ग्रीनबॅक या सक्तीच्या कागदी नोटा काढल्या. १८६३-६४ च्या कायद्यांनी राष्ट्रीय बँका आल्या आणि १८६५ मध्ये राज्य बँकांच्या नोटांवर १० टक्के कर ठरला, तेव्हा राज्य बँकांनी नोटा काढणेच सोडले. सोन्याने देणी भागवणे पुन्हा सुरू झाले १ जानेवारी १८७९ रोजी, सतरा वर्षांनी.

तुम्ही एखाद्या बँकेची प्रत्यक्ष नोंद तपासणार असाल तर चार तारखा शोधा : नाणी थांबवल्याची, पहिल्या प्रोटेस्टची, तारण विकल्याची आणि नोटाधारकांना शेवटची वाटणी दिल्याची. पहिल्या दोन तारखा असतील आणि तिसरी नसेल तर ती बँक बहुधा वाचली. तिसरी तारीख १८५४ चा उत्तरार्ध किंवा १८६१ चा उन्हाळा अशा पडत्या बाजारातली असेल, तर वाटणीचा आकडा पाहण्याआधी त्या महिन्यातला रोख्यांचा भाव पाहा.